पाहुणीची पाठवणी

बायांनो, आणि मागे पडवीत उभ्या असलेल्या सगळ्या मंडळींनो,

मला बोलायला सांगितलं आहे. उभी राहिले आहे खरी, पण आवाज साथ देईल याची खात्री वाटत नाही. म्हणून आधी एक अगदी साधी आठवण सांगते. ती तुमच्यातल्या पुष्कळजणींची आहे, त्यामुळे मी अडखळले तर तुम्ही पुढे न्याल.

दवाखान्याच्या याच खोलीत, याच सतरंजीवर आपण बसायचो. नाही, ही सतरंजी नवी. ती लाल पट्ट्यांची होती, एका कडेला उंदराने कुरतडलेली. दुपार कलायला लागलेली असे. बाई उभ्या राहायच्या, कमरेचं घड्याळ हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "धरा." की प्रत्येकीने शेजारणीचं मनगट धरायचं. अंगठ्याच्या मुळाशी, दोन बोटं टेकवून. आपला अंगठा लावायचा नाही, कारण अंगठ्याला स्वतःचीच धडधड असते, तो फसवतो. आणि आपली आपण नाडी मोजायची नाही. बाई म्हणायच्या, स्वतःची मोजताना माणूस लबाडी करतं. मग सगळी खोली गप्प. बाहेर घाट चढून आलेलं इंजिन धापा टाकत स्टेशनात शिरायचं. आत कोणाच्या तरी बांगड्या किणकिणायच्या आणि थांबायच्या. बाई घड्याळावरची नजर काढायच्या आणि म्हणायच्या, "सोडा."

बस, एवढंच. रोजचंच. त्या वेळी त्यात काही विशेष आहे असं वाटलं नव्हतं. आज वाटतं, माझ्या आयुष्यात मी इतकी स्वस्थ पुन्हा कधी बसले नाही.

डॉक्टर मथुराबाई आपल्यातून गेल्या. तुम्ही वलवणहून आलात, भुशीहून आलात, शिरगावच्या बाया तर पहाटेच निघाल्या असतील. या थंडीत कोणी कोणाला बोलावणं धाडलं नव्हतं. तरी पडवी भरली आहे. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, एवढ्या जमलाच आहात तर मूत्रपिंडांचा धडा उरकून घेऊ.

हसा, हसा. त्यांना चाललं असतं.

मी सुमती. नव्या मुली मला ओळखत नसतील, म्हणून सांगते. माझे यजमान रेल्वेत होते, पार्सल ऑफिसात. लग्न होऊन मी लोणावळ्यात आले तेव्हा मला दोन गोष्टी येत होत्या, इंग्रजी वाचणं आणि भरतकाम. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. आमच्या सिस्टर फार मायाळू होत्या, त्यांचं ऋण मी विसरणार नाही. पण आरोग्यशास्त्राच्या पुस्तकातली मधली काही पानं त्यांनी खळ लावून एकमेकांना चिकटवून टाकली होती. आम्ही मुली त्या जाड पानावरून बोट फिरवायचो आणि पुढचं पान उलटायचो. माणसाचं शरीर म्हणजे आमच्या लेखी गळ्यापर्यंत एक डोकं आणि मनगटापुढे दोन हात. मधलं सगळं चिकटवलेलं.

ती पानं मला मथुराबाईंनी उघडून दिली. हे मी प्रथम सांगते, कारण आज मी इथे रडायला आलेली नाही. आभार मानायला आले आहे.

मानमोडीची, त्या जीवघेण्या तापाची साथ येऊन गेली होती. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना ती वर्षं आठवत असतील. घरंच्या घरं रिकामी झाली. बाई इथे नव्याच आल्या होत्या, एकट्या. लहानपणी लग्न, लहानपणीच वैधव्य, मग भावाच्या हट्टामुळे शिक्षण. त्यांनी पाहिलं की खेड्यापाड्यांत बाळंतपण सुइणींच्याच हाती आहे आणि राहणार आहे. डॉक्टर एक, गावं अनेक. तेव्हा त्यांनी ठरवलं, सुइणींना शिकवायचं. औषधं नव्हे. आधी शरीर. आत काय आहे, कुठे आहे, आणि ते काम कसं करतं. त्यांच्याजवळ इंग्रजी पुस्तक होतं, आणि ते मोठ्याने वाचून सोप्या मराठीत सांगायला कोणीतरी हवं होतं. म्हणून मी.

मी शब्द शोधून न्यायची. छान, संस्कृत, जड शब्द. 'मध्यपटल' म्हणून मी एकदा मोठ्या अभिमानाने वाचलं. बाई म्हणाल्या, "मधला पडदा म्हण गं. छातीच्या आणि पोटाच्या मधला. श्वास घेतला की खाली, सोडला की वर." मग त्यांनी सगळ्यांना पोटावर हात ठेवायला लावला. पडदा सगळ्यांना कळला. माझा शब्द कोणी परत विचारला नाही.

अशा शिकवायच्या त्या. आतडं किती लांब, हे सांगताना त्यांनी नऊवारी लुगडं खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेलं, तिथून परत आणलं, आणि मग घडीवर घडी घालून एका घमेल्यात बसवलं. म्हणाल्या, असं बसलंय ते पोटात. तेव्हा भुशीच्या ठकूमावशी म्हणाल्या, "म्हंजी रोज एक लुगडं गिळूनच हिंडतो म्हना की आमी. आन् नवरा म्हनतो, हिला नेसायला घेतलं न्हाई." वर्ग तिथेच सुटला त्या दिवशी. हसता हसता कोणाला काही ऐकूच येईना.

या ठकूमावशींची ओळख करून द्यायला हवी, कारण आजची गोष्ट त्यांच्यापासून सुरू होते. भुशीच्या सुईण. अंगाने काटक, जिभेने तिखट. पंचक्रोशीतलं निम्मं माणूस त्यांच्याच हातांवर जगात आलेलं. त्या वर्गात आल्या त्या आपल्या सुनेला घेऊन. सून म्हणजे साळू. माहेर वलवणचं. तेव्हा अगदी पोरगी होती, तोंडातून शब्द काढत नसे. आज ती साळूबाई त्या खांबाला टेकून बसली आहे. साळूबाई, मान वर करा. तुमच्याविषयी वाईट बोलणार नाही.

एकदा मात्र या साळूने तोंड उघडलं ते मला आठवतं. बाई रक्ताभिसरण शिकवत होत्या. हृदय ढकलतं, रक्त पायाच्या बोटापर्यंत जातं, परत येतं. साळू हळूच म्हणाली, "धरणाचं पानी नळातनं खाली खोपोलीला जातं, त्ये काय परत वर येत न्हाई. मग रगत वर कसं येतं?" बाई इतक्या खूश झाल्या. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा टाळी वाजवताना पाहिलं. म्हणाल्या, "घाट चढताना गाडीला मागून एक इंजिन लावतात की नाही? ढकलायला? तुझी पोटरी म्हणजे ते मागचं इंजिन. चालशील तशी ती रक्ताला वर ढकलते. आणि रक्त मागे घसरू नये म्हणून वाटेत बारीक दारं आहेत, ती एकाच बाजूला उघडतात." म्हणून उभ्या बाईचे पाय सुजतात आणि चालत्या बाईचे कमी, हे आम्हा सगळ्यांना तिथल्या तिथे उमगलं. मी आजही घाटात गाडीचा धक्का बसला की पोटरीला हात लावते. यजमान हयात होते तेव्हा हसायचे.

आता मी त्या कोपऱ्याकडे वळते.

तुम्ही सगळ्या तिकडे बघायचं टाळता आहात, मला दिसतं आहे. तिथे हिरव्या लुगड्याखाली जी उभी आहे, तिचं काय करायचं हे आज ठरायचं आहे. सभा सुरू व्हायच्या आधी दोन वडीलधारी मंडळी मला भेटली. त्यांचं म्हणणं असं, की नवी डॉक्टरीण मिळेपर्यंत वर्ग बंद ठेवावा, आणि बाईंनी शिकवायला आणलेला हा हाडांचा सापळा काचेच्या कपाटात उभा करून त्यावर पितळी पाटी लावावी. स्मारक म्हणून. त्यांच्या मनात बाईंविषयी आदर आहे, म्हणूनच त्यांना हे सुचलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, आधी ऐकून घ्या. मग जे ठरेल ते ठरेल.

तो सापळा मुंबईहून आगगाडीने आला. माझे यजमान घरी येऊन म्हणाले, तुमच्या डॉक्टरीणबाईंचं खोकं आलंय, आणि ते खुळखुळतंय. हमालांनी उचलायला नकार दिला. शेवटी बाईंनी एक बाजू धरली, मी एक, आणि टांग्यात घातलं. टांगेवाल्याने विचारलं, काय आहे. बाई म्हणाल्या, "शिक्षिका."

दुसऱ्या दिवशी बाया आल्या आणि उंबऱ्यावरच थबकल्या. एकही आत येईना. बाई समजावत होत्या, पण शब्द बाहेरच्या बाहेर वाऱ्यावर जात होते. तेव्हा ठकूमावशी पुढे झाल्या. पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं नाही. तिथूनच विचारलं, "ह्ये कुनाचं कोन?"

बाई म्हणाल्या, "माहीत नाही, मावशी."

"बाईमानूस का बाप्या?"

बाईंनी तो सापळा उंबऱ्याजवळ आणला. कमरेच्या हाडांकडे बोट केलं. "हे बघा. हाड रुंद आहे, मधली वाट गोल आहे. बाई आहे."

ठकूमावशींनी हात लावला नाही, पण वाकल्या. किती बाळंतपणं केलेली ती बाई. जी वाट त्यांनी जन्मभर नुसत्या बोटांनी चाचपली होती ती त्या पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होत्या. पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "हिला लेकरू झालं आसंल का?"

"हाडं ते सांगत नाहीत."

"हिला कुंकू व्हतं का न्हाई, त्ये?"

"तेही सांगत नाहीत."

मी बाईंच्या कपाळाकडे बघितलं. बघायला नको होतं, पण नजर गेली. बाईंचा चेहरा जसा होता तसाच.

"धरम?"

"नाही, मावशी. काहीच नाही."

"मग हिला माती कुनी दिली?"

"कोणी नाही."

तेव्हा ठकूमावशी ताठ झाल्या. म्हणाल्या, "आमी आत येऊ. पन हिची माती कवा व्हनार त्ये आदी सांगा. तवर न्हाई."

मंडळी, विचार करा. बाई शिकलेल्या. त्या म्हणू शकल्या असत्या, हे अज्ञान आहे, खूळ आहे, सगळ्या कॉलेजांत असे सापळे असतात, तिथे कोणी विचारत नाही. त्या तसं म्हणाल्या नाहीत. सापळा सोडून ठकूमावशींसमोर आल्या. मग म्हणाल्या, "तुमच्यातली एकजण जेव्हा हिच्याकडे न बघता दुसरीला शिकवू शकेल, त्या दिवशी हिचं काम संपलं. त्या दिवशी मी हिची पाठवणी करीन."

"हातात हात द्या," ठकूमावशी म्हणाल्या.

बाईंनी हात दिला. तोपर्यंत सतरंजीवर कोणी कोणाच्या पदराला पदर लागू देत नव्हतं, हे जुन्या बायांना आठवत असेल. नाडी धरायला शिकलो आपण ते त्याच्यानंतर. पहिला हात धरला गेला तो उंबऱ्यावर, एका वचनासाठी.

"तवर ही आपली पाहुनी," ठकूमावशी म्हणाल्या, आणि आत आल्या.

पुढच्या वेळी येताना त्यांनी स्वतःचं हिरवं लुगडं आणलं. धुऊन मऊ झालेलं. अट अशी, की पाहुणी उघडी उभी राहणार नाही. हात शिकायचा असेल तर हातावरूनच पदर सरकवायचा. बरगड्या शिकायच्या तर बरगड्यांपुरताच. धडा झाला की पुन्हा नीट झाकायचं. बाईंनी ते मान्य केलं, आणि मग कधीही मोडलं नाही. पुण्याहून पाहुणे आले तरी नाही. आणि खरं सांगू का? त्यामुळे शिकणं सोपं झालं. एका वेळी एकच भाग डोळ्यांसमोर. बाकी सगळं झाकलेलं. मला माझ्या शाळेची आठवण व्हायची. फरक एवढाच, की इथे लुगडं सरकायचं.

संक्रांतीला तिला तिळगूळ मिळायचा. पण तिची ओटी मात्र कोणी भरली नाही. नव्या बाया विचारायच्या, का. जुन्या सांगायच्या, ओटी भरली म्हणजे पाहुणी निघाली. अजून तिला निघायचं नाही.

आता एक गंमत सांगते, आणि ती बाईंनीच सांगायची परवानगी दिलेली आहे. पहिली तुकडी तयार झाली तेव्हा परीक्षा घ्यायला एक मोठे डॉक्टर आले. त्यांनी हाडं विचारली, बायांनी धडाधड सांगितली. नाडी विचारली, बरोबर. मग ते म्हणाले, हिवतापात वाढते ती पांथरी कुठे असते, हात लावून दाखवा. सगळ्याजणींनी एकदम उजवीकडे हात लावला. यकृत कुठे? सगळ्यांचा हात डावीकडे. एकही चुकली नाही. म्हणजे, सगळ्या एकसारख्या चुकल्या.

डॉक्टरांना कळेना. बाईंना तिथल्या तिथे कळलं. त्या कायम आमच्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि आपल्या अंगावर हात ठेवून दाखवायच्या. त्यांची डावी बाजू आमच्या उजव्या हातासमोर. आरशात बघून कुंकू लावणाऱ्या बाया आम्ही. समोर जसं दिसलं तसं उचललं. हृदय तेवढं सुटलं, कारण त्याची धडधड ज्याची त्याला ठाऊक असते.

बाई परीक्षकांना म्हणाल्या, "यांची काही चूक नाही. मी यांना उलटं उभं राहून शिकवलं." आणि दुसऱ्या दिवसापासून त्या आमच्याकडे पाठ करून उभ्या राहायला लागल्या. आम्ही बघतो त्याच दिशेला त्या बघायच्या, भिंतीकडे. त्यांचा डावा तो आमचा डावा. ठकूमावशींनी विचारलंच, "डाक्टरीनबाई, रुसलासा का काय आमच्यावर?" भिंतीकडे बघतच बाईंनी उत्तर दिलं, "नाही मावशी. तुमच्यात येऊन उभी राहिले आहे."

तेव्हापासून इतकी वर्षं मी बाईंची पाठ बघत शिकले. तो घट्ट बांधलेला अंबाडा. मानेवरचे आधी काळे, मग करडे, मग पांढरे झालेले केस. खांद्यावर रफू केलेलं पोलकं, आणि रफू माझंच. काल रात्री डोळे मिटले तर मला त्यांचा चेहरा आधी दिसला नाही, पाठ दिसली.

ठकूमावशी गेल्या तेव्हा बाई शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होत्या. मीही होते. ठकूमावशींनी सुनेला जवळ बोलावलं. आम्हाला वाटलं, घरातलं काही सांगतील. त्या म्हणाल्या, "साळे, पाहुनीचं इसरू नगंस." त्यांनी बाईंना आठवण करून दिली नाही. बाई वचन मोडतील अशी शंका त्यांना नव्हती. ते वचन पुरं करायचं कोणाच्या हातात आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आणि बाया येत राहिल्या, शिकून जात राहिल्या. पण प्रत्येकीला शिकवताना बाई लागायच्या, आणि पाहुणी लागायची. एखादी चांगली तयार झाली म्हणावं, तर तिला पदर सरकवून हाड बघितल्याशिवाय पुढचं आठवायचं नाही. बाई कधी निराश झाल्या नाहीत. पण वर्ग सुटल्यावर हिरवं लुगडं सारखं करताना त्या कधी कधी म्हणायच्या, "आणखी थोडं थांब गं." माझ्याशी बोलतात असं मला आधी वाटायचं.

यंदा दिवाळीनंतर बाईंना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. मी धावत आले. तर त्या पडल्या पडल्या मला शिकवतात, "उजवं अंग गेलं. म्हणजे बिघाड डोक्यात डावीकडे. वर्गात सांगायला विसरू नकोस." मला रडावं की हसावं कळेना.

त्या आठवड्यात वर्ग होता. नव्या मुली दुरून आलेल्या, त्यांना परत कसं पाठवायचं? बाईंचा पलंग त्या आतल्या खोलीत होता, दार उघडं ठेवलं होतं. साळूबाई म्हणाली, "मी बसते पोरींसंगं. काय यील त्ये सांगते." मी पाहुणीजवळ गेले आणि विचारलं, लुगडं सरकवू का? कोणता भाग?

साळूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सुमतीताई. लय वर्सं उभी हाय ती."

आणि मग ती मुलींसमोर उभी राहिली नाही. त्यांच्याकडे पाठही केली नाही. शिरगावची एक मुलगी कडेला बसली होती, बावरलेली. साळूबाई तिच्या मागे जाऊन बसली. बाळंतिणीला कळा येताना सुईण मागून आधार देऊन बसते ना, तशी. त्या मुलीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, आणि तिचेच हात तिच्याच अंगावर फिरवत सांगायला लागली. ही बरगडी. हिच्याखाली, या अंगाला, पांथरी. हितं दाब, लागती का? न्हाई लागत? मग बरं हाय, वाढली न्हाई. ह्ये कमरंचं हाड. ह्याच्या आत वाट. एकीचं झालं की दुसरीच्या मागे. मग तिसरीच्या. डावं-उजवं असा शब्दच तिला लागला नाही. हात ज्याचे त्याचे, अंग ज्याचं त्याचं.

मी दारात उभी होते. आत वळून पाहिलं. बाईंनी उशीवर मान वळवली होती आणि त्या बघत होत्या. मला जवळ बोलावलं. फार सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "आधी मी तोंड करून उभी राहिले. मग पाठ करून. मागे बसायचं मला सुचलंच नाही, सुमती."

मी म्हटलं, "तुम्ही शिकवलंत म्हणून तिला सुचलं."

त्या हसल्या. अर्ध्याच चेहऱ्याने, पण हसल्या. आणि म्हणाल्या, "पाहुणीला आता जाऊ दे."

मंडळी, म्हणून काचेचं कपाट नको. तुमच्या आदराला मी हात जोडते, पण नको. ज्या बाईने हातात हात देऊन वचन दिलं, तिचं स्मारक ते वचन मोडून करता येणार नाही. आणि वर्ग बंद ठेवायचंही कारण नाही. नवी डॉक्टरीण येईल तेव्हा येवो, तिचं स्वागतच आहे. तोवर शिकवणारी त्या खांबाला टेकून बसली आहे.

साळूबाई मान हलवते आहे. तिचं म्हणणं मी सांगते, कारण काल ती माझ्याशी भांडली. म्हणाली, "मला अक्षर वळखू येत न्हाई, मी कसली बाई?" मी तिला म्हटलं, पुस्तक वाचायला मी आहे. पहिल्या दिवसापासून ते काम माझंच होतं, आणि अजून माझे डोळे शाबूत आहेत. मी वाचीन, तू मागे बस. ती मान हलवतच निघून गेली. पण आज येताना तिने पदरात काहीतरी बांधून आणलं आहे, आणि ते काय आहे हे मला कळतं. खण आणि नारळ कसा बांधतात हे बाईमाणसाला लांबूनही कळतं.

तेव्हा आता बाईंनी शेवटच्या दिवसांत मला जे सांगून ठेवलं ते सांगते. त्यांच्या जिभेला कष्ट पडत होते, तरी एकेक गोष्ट दोनदा म्हणवून घेतली, म्हणून माझ्याकडून चूक होणार नाही.

छातीला लावायची नळी या दवाखान्यात येईल त्या डॉक्टरीणबाईंना. कोणीही असोत. रबर बदलून घ्यावं, असा निरोप आहे.

रंगीत तक्ते तळेगावच्या मुलींच्या शाळेला. आणि मुलींना सांगायचं, की चित्रातली डावी बाजू चित्रातल्या माणसाची डावी असते, आपली नव्हे. हे आधी सांगायचं, मग तक्ता उलगडायचा.

पुस्तक मला. त्यातली पानं सगळी सुटी आहेत.

आतड्याचं लुगडं, ते नऊवारी, शिरगावच्या त्या मुलीला. बाई म्हणाल्या, नेसायला दे, शिकवायला साळू दुसरं आणील.

घमेलं दवाखान्याच्या मागच्या बागेला. फुलझाडांना माती घालायला. पण आधी उद्या सकाळी ते पाहुणीच्या कामी येईल. उद्या उन्हं वर आली की मागच्या जांभळाखाली खड्डा तयार असेल. अग्नी नाही. तिचा धर्म आपल्याला माहीत नाही, आणि ठकूमावशी एकदा म्हणाल्या होत्या, माती समद्यांना चालती. वलवणहून, भुशीहून, शिरगावहून येणाऱ्या बायांनी आपापल्या दारातली एक मूठ माती आणावी. ज्यांना आज मुक्काम करायचा आहे त्यांनी इथलीच घ्यावी, ती पण आपलीच आहे. हिरवं लुगडं तिच्याबरोबर जाईल. ते काढायचं नाही. हाडं जोडणारी तार मात्र काढायची, ती तिची नव्हे. ओटी साळूबाई भरेल. सासूच्या वतीने, आणि बाईंच्या वतीने. आयुष्यभर बाईंना कोणी ओटी भरायला बोलावलं नाही. उद्या पहिल्यांदा त्यांच्या नावाने एक भरली जाईल.

ज्या खुंटीला पाहुणी अडकवलेली असायची ती तशीच राहील. साळूबाईंनी येताना तिथे आपली पिशवी अडकवावी.

आणि आता शेवटची वस्तू. बाईंचं कमरेचं घड्याळ. साळूबाई, पुढे या. या. लाजू नका, सगळ्या आपल्याच आहेत. हे तुमचं. अक्षर नसलं ओळखीचं तरी काटा ओळखीचा आहे, तो बारीक काटा कसा फिरतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आता आपण सगळे गप्प बसू. मागच्या पुरुषमंडळींनीसुद्धा. पण हात जोडून नाही. साळूबाईंनी सांगितलं की शेजारच्या माणसाचं मनगट धरायचं. अंगठा नको, दोन बोटं. जे बोटांना लागेल ते बाईंनी आपल्याला दाखवलं.

साळूबाई, घड्याळ हातात घ्या.

म्हणा.